चोरवाटेनं परत आलेलं कापड

१२ मे

शनिवारची दुपार. शाळेच्या भोजनगृहामागच्या पायऱ्या. एनॅमलचा एकच निळा कप, त्यात पाण्यात फुगत ठेवलेली गारी — कसाव्याचा भाजका रवा — आणि दोन चमचे. गारी माझी, साखर माझ्या मैत्रिणीची, नामोंडोची. दाणे ज्या मुलीला त्या आठवड्यात घरून कुणी भेटायला आलं असेल तिचे.

पायऱ्यांवरच का बसायचो? आमची शयनगृहं वेगळी होती, आणि एकातून दुसऱ्यात खाऊ न्यायचा तर प्रत्येक दारातली मॉनिटर एक चमचा काढून घ्यायची. "दाराचा हक्क" म्हणायच्या. पलीकडे पोचेपर्यंत कपात नुसतं गोड पाणी. शेवटी नामोंडोनं शोध लावला. पेट्यांच्या खोलीतून थेट मागच्या पायऱ्यांवर यायचं. पायऱ्या कुणाच्याच नाहीत, म्हणजे दोघींच्या. सिस्टर लिओनार्डा वरच्या खिडकीतून बघायच्या आणि न बघितल्यासारखं करायच्या.

आज हे सगळं का आठवलं, तर सकाळी फोनवर तिचा आवाज आला. शाळेच्या मुलींचा (मुली! सगळ्यांच्या केसांत कापूस फुललाय) जो ग्रुप आहे, त्यातून तिनं मला शोधून काढलं. शाळा संपल्यावर ती कॅमेरूनला आपल्या घरी गेली, ती गेलीच. आता लिंबेला राहते, समुद्राकाठी, कॅथेड्रलजवळ कापडाचं दुकान आहे. तिथल्या महिला मंडळाची सुवर्णजयंती आहे, सात ऑक्टोबरला, जपमाळेच्या सणाच्या दिवशी. सगळ्या बायकांना घानातल्या आमच्या अग्बोझुमे गावचं हातविणीचं कापड हवंय. साठ नग.

"एसी," म्हणाली, "अख्खा आफ्रिका खंड एक बाजार झालाय म्हणून रेडिओ रोज ओरडतो. बघू तर खरं. तुझ्या दारातून माझ्या दारात येऊ दे, कुणी चमचा न काढता."

आवाज तोच. मध्येच हसून वाक्य अर्धं सोडायची सवयही तीच.

१३ मे

डोझीला विचारलं. माझा नवरा क्लीटस गेल्यापासून मागांचं सगळं तोच बघतो. म्हणाला, "मावशी, साठ होतील. पण नंतर दुसरे साठ येणार असतील तरच सेलॉर्म आणि त्याचा भाऊ इथे विणायला थांबतील. त्यांच्या पिशव्या भरलेल्या आहेत. अक्राला मोबाइलच्या दुकानात जागा बघून ठेवलीय."

दोन माग आधीच थांबलेत. त्यांच्यावर कोंबड्या बसतात. आणखी दोन थांबले, तर अंगणात कोंबड्याच विणायला बसतील.

२१ मे

अक्राला जाऊन आले. व्यापाराच्या सरकारी ऑफिसात मिस अमेनुवोर म्हणून एक तरुण बाई भेटली. माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसली असती. मी इतकी वर्षं गावच्या शाळेत भूगोल शिकवला, पण आपल्या खंडाचा असा नकाशा आजच पाहिला.

तिनं सांगितलं ते असं: एका आफ्रिकी देशातला माल दुसऱ्या आफ्रिकी देशात जाताना जकात हळूहळू उठत चाललीय. हेतू हा, की आपण एकमेकांचं घ्यावं. कापूस इथून बाहेर, कापड बाहेरून इथे, हे किती दिवस? पण सवलत मिळते ती इथल्याच मालाला. म्हणून उगमाचा दाखला लागतो. कापड इथे जन्मलंय याचा कागद.

"धागा कुठला?" तिनं विचारलं.

"निळा आणि पांढरा बेनिनचा."

"मग तो आपलाच. शेजाऱ्याच्या कापसाला परका म्हणायचं नाही, हाच तर यातला सगळ्यात चांगला नियम आहे. आणि हा चकचकीत सोनेरी?"

मी खरं ते सांगितलं. तो समुद्रापलीकडून डब्यात येतो.

"हा काढा, मॅडम. सगळं साधं होईल."

निघताना म्हणाली, "माझ्या आजीकडे होतं असं कापड. तिच्याबरोबर पुरलं." मला ती फार आवडली.

२२ मे

डोझी पेटला. सोनेरी नाही म्हणजे काय? त्याच्या आजोबांनी विणलं, वडिलांनी विणलं.

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या वेळी हा धागा होता?"

तो सोनेरी रीळ हातात फिरवत राहिला. मग, "आजोबा पिवळा रंगवायचे. साल उकळून."

"मग?"

"मग काय. वास येतो त्या सालीला. बायको घरात घेणार नाही."

रात्री त्याच्या अंगणातून तो वास आला. सगळ्या आळीला आला.

३ जून

मान्सा आली होती, क्लीटसची धाकटी बहीण. अफ्लाओला राहते, तिच्या मागच्या भिंतीला लागून टोगो. आमच्याकडे कित्येक घरांची एक चूल घानात असते आणि दुसरी टोगोत. मान्सा पोरवयापासून डोक्यावर टोपलं घेऊन इकडचं तिकडे करत आलीय: कांदे, साबण, कापड, एकदा तर शिवणयंत्र. सीमेच्या फाटकातून कधीच नाही. फाटकावर रांग, गाठोडं सोडा, प्रश्नांची उत्तरं द्या, पुन्हा बांधा. त्यापेक्षा मागची गल्ली. तिला ती गल्ली जपमाळेसारखी पाठ आहे.

तिला दाखल्याचं समजावून सांगितलं. तिनं अबोलो — मक्याची वाफवलेली वडी — आणि तळलेली मासळी संपवली, बोटं चाटली आणि म्हणाली, "वहिनी, म्हणजे कापडाचाही जन्मदाखला? मग माझ्या नातीचं बघा ना. आई घानाची, बाप टोगोचा, जन्म बेनिनमधल्या कोतोनूच्या बसथांब्यावर. तिला कुठली म्हणायची?"

"आपली," मी म्हटलं. "शेजाऱ्याचा कापूस आपलाच."

"आणि रडते ती कुणासारखी?"

"तुमच्यावर गेलीय, वन्सं."

कापड टोगोतल्या लोमेच्या बंदरातून जाणार, कॅमेरूनमधल्या दुआलाची बोट तिथूनच सुटते. म्हणजे सीमेवर मान्सा लागणारच. तिनं छातीवर हात मारून सांगितलं, "सीमा माझ्यावर सोडा."

२९ जून

पिवळा आला. तो सोनेरीसारखा ओरडत नाही, उन्हात ठेवल्यावर हळूच बोलतो. डोझी दर तासाला बाहेर जाऊन बघतो आणि आम्ही बघत नाही ना ते बघतो.

आमच्या कापडात चित्रं विणतात — मासा, हात, स्टूल, छत्री. मी शाळेतला तो निळा कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हा विण. शेजारी दोन चमचे."

"याचा अर्थ काय सांगू लोकांना?"

"काही सांगू नकोस."

१० जुलै

सहाही माग चालू. कोंबड्यांना जागा उरली नाही. दुपारी झोप लागत नाही त्या खटखटीनं — आणि मी उठून बसते, चक्क आनंदानं.

१७ ऑगस्ट

मिस अमेनुवोर मागांची पाहणी करायला स्वतः आली. खुर्ची दिली तर बसेना, मागाशी उकिडवी बसली. चार बोटं रुंदीची पट्टी — अशा पट्ट्या जोडून कापड होतं — सरकताना बघत राहिली. डोझीनं तिला पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. तिनं दोन धागे घातले आणि ते चुकले. डोझीनं ते उसवले नाहीत. "राहू द्या," म्हणाला, "सरकारी धागे आहेत."

२ सप्टेंबर

दाखला मिळाला. निळ्या शाईचा गोल शिक्का. शाळा सोडल्याच्या दाखल्याला सुद्धा मी इतकं जपलं नव्हतं.

अक्राला गेलेच होते, म्हणून आणखी एका रांगेत उभी राहिले. कसली ते लिहीत नाही. लिहिलं की मोडतं.

संध्याकाळी नामोंडोचा फोन. तिला आनंद झाला, पण लगेच तेच. "कापड पाठवतेस आणि तू?"

"माझे गुडघे."

"गुडघ्यांना जकात आहे?"

"माणसाला व्हिसा लागतो, बाई. कापडाचं बरंय, ते आफ्रिकेचं झालं. मी अजून घानाचीच आहे."

खूप हसली. मग म्हणाली, "जूनमध्ये तू मला नमुना म्हणून खांद्यावरचं एक कापड पाठवलं होतंस, आठवतं? ते पॅरिस फिरून आलं होतं. पाकिटावर शिक्का होता. मी रडले होते, एसी. आपण एकाच किनाऱ्यावर राहतो."

त्या कापडानं पॅरिस पाहिलं. मी लोमेच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही.

९ सप्टेंबर

गाठोडी मान्साकडे गेली. परवा मी कागद घेऊन जाईन, दोघी फाटकातून रीतसर पार करू. तिला तीनदा सांगितलं: मी येईपर्यंत हात लावायचा नाही. "हो हो वहिनी, जा झोपा."

११ सप्टेंबर

हसू की डोकं आपटून घेऊ.

सकाळी मोटारीत बसले, मांडीवर फाईल. निम्म्या वाटेत मान्साचा फोन. आवाजात पेढे वाटत होती. "वहिनी! माल लोमेत. पहाटेच नेला, मागच्या गल्लीनं. दोन पोरी, तीन फेऱ्या. कुणी विचारलं नाही, काही उघडलं नाही. तुम्ही आता आरामात या, चहा ठेवते."

मी म्हटलं, "वन्सं, त्या मालाला परवानगी आहे."

"असेल ना."

"त्याला जकातच नाही."

"मग तर बरंच झालं की."

"तो फाटकातून जायला हवा. दाखल्यावर फाटकाचा शिक्का लागतो. शिक्क्याशिवाय बोटीवर चढवत नाहीत."

मग अगदी लहान आवाजात, "रांग मोठी होती हो, वहिनी."

लोमेला बोटीच्या एजंटकडे गेलो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला सभ्य म्हातारा. त्यानं दाखला पाहिला, गाठोडी पाहिली, पुन्हा दाखला पाहिला. म्हणाला, "बाई, हा माल कायद्यानं अजून घानात आहे." मान्सा गाठोड्यावर बसली होती. खाली बघून म्हणाली, "मग मी कुठे बसलेय?"

जकात माफ असलेला माल चोरून नेणारी बाई अख्ख्या खंडात एकच असेल. ती माझी नणंद आहे.

१२ सप्टेंबर

तर मग परत आणणं आलं. फाटकातून परत आणावा तर टोगोवाले विचारणार, आत कधी आला? म्हणून पुन्हा गल्लीनंच. मीही गेले. गुडघ्यांसकट. डोक्यावर गाठोडं, कमरेला फाईल, गळ्यात जपमाळ, आणि तोंडानं 'नमो मारिया' — शाळेत अंधारातून जाताना म्हणायचो तसं.

गल्लीच्या तोंडाशी एक तरुण शिपाई उभा. नवा असावा, मान्सा त्याला ओळखत नव्हती. मान्साचे पाय थांबले. त्यानं विचारलं, "काय आहे त्यात?"

मी खोटं बोलूच शकत नाही, सिस्टरांनी ती सोयच ठेवली नाही. सगळं सांगितलं. सोनेरी धागा, सालीचा वास, नामोंडो, रांग. फाईल उघडून गोल शिक्का दाखवला.

तो ऐकत राहिला. मग भिंतीला टेकला. त्याचे खांदे हलायला लागले. "आई," म्हणाला, "म्हणजे तुम्ही माल चोरून परत आणताय — कायद्यानं बाहेर न्यायला?"

"हो."

त्यानं डोळे पुसले, एक गाठोडं स्वतः उचललं आणि आम्हाला फाटकाच्या रांगेत नेऊन उभं केलं. रांगेतल्या बायकांना त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पुढून मागून हशा पसरत गेला. पेज विकणारी एक म्हातारी ओरडली, "मान्सा! तू इथे? फाटक विकत घेतलंस काय गं?"

आणि मान्सा, जी शिवणयंत्र डोक्यावर घेऊन भर दुपारी सीमा ओलांडायची, ती रांगेत माझ्यामागे लपत होती. माझा हात तिनं असा धरला होता, की नखं लागली. अधिकाऱ्यानं एक गाठोडं सोडलं, दाखला ताडून बघितला, शिक्का मारला. "झालं. या."

"एवढंच?" मान्सा म्हणाली.

"एवढंच."

पलीकडे गेल्यावर ती रस्त्याच्या कडेला थांबली. "वहिनी, मी आयुष्यभर कशाला घाबरत होते हो?" आम्ही दोघींनी तिथेच उभ्यानं गरम पेज प्यायली.

१३ सप्टेंबर

बोट गेली.

दुसरी चोवीसला सुटते. एजंट म्हणतो, वेळेवर आली तर तीस किंवा एक तारखेपर्यंत दुआला. मग तिथलं कस्टम, मग लिंबेपर्यंतचा रस्ता. सण सातला.

नामोंडोला सांगितलं. तिनं मान्साचा किस्सा दोनदा सांगायला लावला. शेवटी म्हणाली, "मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणतात, चार तारखेपर्यंत आलं नाही तर बाजारातलं छापील कापड घ्यायचं. दुकानात ढीग पडलाय, कंटेनरनं आलेलं." मग हलकेच, "मी त्यांना पाचपर्यंत ओढते."

डोझीला अजून सांगितलं नाही. सेलॉर्म आज गाणं म्हणत विणत होता.

१५ सप्टेंबर

सांगितलं. डोझीनं माग थांबवला नाही. एवढंच म्हणाला, "पिवळा छापता येत नाही त्यांना."

२४ सप्टेंबर

माल बोटीवर चढला. मान्सानं बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. "कुणी ओळखीचं आहे का वर?" एजंटनं विचारलं. "साठ जणी आहेत," मान्सा म्हणाली.

१ ऑक्टोबर

काही नाही.

३ ऑक्टोबर

बोट लागली. पण दुआलाला कुणी तरी म्हणालं, असा दाखला आम्ही पहिल्यांदाच बघतोय, वरच्या साहेबांना विचारतो. साहेब उद्या येतील. नामोंडो ऑफिसबाहेर बाकावर बसून आहे. म्हणाली, "मी हलत नाही. भिजवलेली गारी आणलीय डब्यात."

४ ऑक्टोबर

साहेब दुपारी आले. कापडावरून हात फिरवला आणि विचारलं, "हा कप का विणलाय?"

नामोंडोनं त्यांना दारांची गोष्ट सांगितली. चमच्यांची. सगळी.

साहेबही म्हणे मिशनच्या शाळेतलेच. त्यांच्या दारात मूठभर घ्यायचे.

त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, पान काढलं, बोट ठेवून हाताखालच्या माणसाला वाचायला लावलं. मग सही. जकात: निरंक.

एक चमचासुद्धा नाही.

७ ऑक्टोबर

नामोंडोनं फोन गर्दीत धरला होता. आधी ढोल, मग गाणं, मग नुसता बायकांचा आवाज — समुद्रासारखा. आम्ही अंगणात बसलो होतो, फोन मागाच्या दांडीवर टांगलेला. डोझी, सेलॉर्म, त्याचा भाऊ, मान्सा, मिस अमेनुवोरसुद्धा (सुट्टी काढून आली, आपले दोन चुकलेले धागे कुणाच्या खांद्यावर आहेत ते बघायला). चित्र आलं. कॅथेड्रलच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर साठ बायका, निळ्या-पांढऱ्या, मध्ये तो पिवळा. प्रत्येकीच्या खांद्यावर कप.

सगळ्यात पुढे एक जाडी म्हातारी, एक बूट हातात घेतलेली. उभं राहून राहून पाय दुखले की ती शाळेतही बूट काढायची.

डोझी चित्र बोटांनी मोठं करत राहिला. चेहरे नाही, पट्ट्यांचे सांधे बघत होता. "सरळ आहेत," म्हणाला. आणि उठून बाहेर गेला.

९ ऑक्टोबर

पुढची मागणी आली. दुआलाच्या आणखी दोन मंडळांची. सेलॉर्मनं पिशवी रिकामी केली, आणि त्यात कोंबड्यांसाठी मका भरून आणला.

मान्साला आता फाटकाचं वेड लागलंय. कांदेसुद्धा फाटकातून नेते. रांगेतल्या बायकांना नियम समजावते, निम्मे चुकीचे. काल म्हणे त्या शिपायालाच दाखल्याबद्दल शिकवत होती.

२ नोव्हेंबर

सर्व मृतांचा दिवस. क्लीटसच्या थडग्यावर मेणबत्ती लावली आणि आधी त्याला सांगितलं. आता इथे लिहायला हरकत नाही: सप्टेंबरातली ती रांग पासपोर्टची होती. व्हिसा काल हातात आला. उद्या सकाळी मान्साबरोबर फाटकातून पलीकडे, आणि लोमेहून दुआलाचं दुपारचं विमान. पॅरिस वाटेत लागत नाही.

कोठाराच्या किल्ल्या डोझीला. उगमाच्या दाखल्यांची फाईल मान्साला — हो, मान्सालाच. सोनेरी धाग्याचा डबा मिस अमेनुवोरला, आठवण म्हणून, ती हसेल. क्लीटसचा रेडिओ सेलॉर्मला, अंगणात लावावा. कोंबड्या शेजारच्या अक्पेनेला, अंडी सगळ्यांना. माझ्या खुर्चीत जो दमेल त्यानं बसावं. परतीचं तिकीट कुणी विचारलं, तर ते काढलेलं नाही.

निळा कप कुणालाच नाही. तो पिशवीत आहे, गारीच्या पुडीसकट. साखर तिच्याकडे आहे.